पांढरी सोडून कोणतीही

बाईंनी आयुष्यात एकच घर बांधलं आणि त्या घरातही त्यांचा सगळा जीव एका भिंतीत होता. दारं सागवानी की साधी, जिना आतून की बाहेरून, हॉलला रंग कोणता, हे सगळं त्यांनी ठेकेदारावर सोडून दिलं. "तुला कळतंय तसं कर. अंगावर पडलं न्हाई म्हंजे झालं," एवढीच अट. पण स्वयंपाकघरात ओट्याच्या वर जी भिंत असते, जिथे लोक टाईल्स लावतात, तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. नळ बसले, पंखे फिरायला लागले, तरी ती भिंत उघड्या सिमेंटचीच. बाई तिच्यासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि तिच्याकडे बघत चहा प्यायच्या. लातूरच्या त्या नव्या वसाहतीत शेजारणींचा समज झाला की निवृत्तीनंतर बाईंच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय.

परिणाम वगैरे काही नव्हता. ज्यांनी त्यांना किनवटकडे पाहिलं होतं त्यांना ठाऊक होतं, की बाई पहिल्यापासून तशाच होत्या.

किनवटच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमची आश्रमशाळा होती आणि मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. मी जवळच्या तांड्यावरून पाचवीत तिथे आले. पहिल्या दिवशी मला काय दिसलं असेल तर बाईंच्या बांगड्या. दोन्ही हात भरून, पण एका रंगाच्या दोन सापडतील तर शपथ. कासार आला की इतर बायका डझनाने भरायच्या. बाई एकेक निवडायच्या. तो बिचारा वैतागून म्हणायचा, "बाई, ह्याची जोडी कुठाय?" बाई म्हणायच्या, "माझी तरी कुठाय?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला त्या तितक्याच निरागसपणे विचारायच्या, "तुम्ही का केलंत?" 

त्या वर्षी वसतिगृहाला सरकारकडून स्टीलच्या थाळ्या आल्या. नव्याकोऱ्या, सगळ्या एकसारख्या. बाईंनी त्या बघून नाक मुरडलं. "थाळ्या एकसारख्या हायत, पोरी न्हाईत," म्हणाल्या, आणि गावातून ऑइलपेंटच्या छोट्या डब्या आणवल्या. मग एका रविवारी व्हरांड्यात फतकल मारून त्यांनी प्रत्येक थाळीच्या पाठीवर वेगळी खूण काढली. कुणाला लाल चौकोन, कुणाला निळ्यावर पांढरी रेघ, कुणाला नुसतेच तीन ठिपके. मला हिरव्या गोलात पिवळा ठिपका आला. घरी आम्ही भावंडं एकाच परातीत जेवायचो. माझी म्हणता येईल अशी ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू. थाळी घासताना मी आधी पाठ घासायची, हलक्या हाताने, रंग जाऊ नये म्हणून.

तपासणीला आलेल्या साहेबांनी एक थाळी उलटी करून पाहिली. "हे काय हो? नंबर टाकायचे ना सरळ."

"नंबर जेलात असतेत, साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांनी थाळी सुलटी केली आणि तिच्यातच जेवले.

बाई आमच्याच पंगतीत बसायच्या. वाटेत कुणाचीही थाळी आली की तिच्यातला भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकायच्या, मीठ बरोबर आहे का बघायला. पाळी आलेल्या मुलीला स्वयंपाकघरात यायला बंदी घालणाऱ्या स्वयंपाकिणीला त्यांनी एकदा चुलीसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "इचार चुलीला, तिला कळतंय का." रीतभात हा शब्द ऐकला की त्या उखडायच्या. "रीत म्हंजे काय गं? ज्याला डोकं चालवायचं न्हाई त्याची सोय," हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मी गणितात पदवी घेतली, नांदेडला शाळेत लागले, ते ह्या वाक्याच्या जोरावर. आजही वर्गात कुणी पोरगी "सर म्हणले म्हणून असं केलं" म्हणाली की माझ्या तोंडून बाईच बोलतात.

एक रीत मात्र त्या न चुकता पाळायच्या. आहेराची. कुणाच्याही घरचं लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, बाई एसटीने हजर. काखेत वर्तमानपत्रात बांधलेली साडी नाहीतर कळशी. शाळेतल्या क्लार्कच्या पोरीचं लग्न चाकूरजवळच्या एका वाडीत होतं, पावसाने रस्ता वाहून गेलेला, तर बाई चिखलातून चपला हातात घेऊन गेल्या होत्या. आपल्याकडे आहेर म्हणजे फिरून परत येणारी गोष्ट. आज मी तुमच्या मांडवात केला, उद्या माझ्या मांडवात तुम्ही करणार. पण जिचं लग्न नाही, लेकरंबाळं नाहीत, स्वतःचं घर नाही, तिच्या दारात मांडव पडणार कधी?

"मी आपली करून राहिले, करून राहिले," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "कुणाला माझ्याकडं यायचं म्हणलं तर कार्यच न्हाई." म्हणताना त्या हसत होत्या. मला ते हसणं आवडलं नाही.

म्हणून निवृत्त झाल्यावर बाईंनी लातुरात घर बांधायला काढलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. त्यांचा धाकटा भाऊ उदगीरला आडत दुकान चालवतो. त्याचं म्हणणं, आक्काने उदगीरला त्याच्या माडीवरच्या खोलीत राहावं, एकट्या बाईला घर कशाला. बाई म्हणाल्या, "जिंदगीभर दोनशे पोरींच्या चुलीवर जेवले. आता एक चूल माझी पायजे."

आणि त्या चुलीसमोरच्या भिंतीसाठी टाईल्स निवडायला त्या मला घेऊन निघाल्या. लातूरची दुकानं आधीच पालथी घालून झाली होती. मग त्या नांदेडला आल्या.

दुकानदार भला माणूस. त्याने खुर्ची दिली, जारचं गार पाणी दिलं. बाई ते घटाघटा प्यायल्या. मग तो दाखवायला लागला. फिकट बदामी, फिकट राखाडी, फिकट आणखी काहीतरी.

"आजारी हायत का ह्या?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, सध्या हेच चालतंय. आणि मधे मधे एक रंगीत हायलायटर टाकायचा." त्याने हायलायटर काढला. पांढऱ्या टाईलवर कपबशी आणि भोवती विखुरलेल्या तपकिरी बिया.

"ह्या कशाच्या बिया?"

"कॉफीच्या."

बाईंनी ती टाईल हातात घेतली. "माझ्या घरी ज्वारीची भाकर असती. अंबाड्याची भाजी असती. कॉफी मी जिंदगीत प्याले न्हाई. भिंतीवर पाव्हणी म्हणून ठिवू का तिला? भाकरीची हाय का?"

"कशाची?"

"भाकरीचं चित्र असलेली. चांगली फुगलेली."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. भाकरीची नव्हती. द्राक्षांची होती, ढोबळ्या मिरचीची होती, परदेशातल्या कुठल्याशा पवनचक्कीची होती. शेवटी एक निळी-केशरी नक्षी बाईंना जरा पसंत पडली. त्याने लगेच गणित मांडलं, ही तीस लागतील, पेट्या इतक्या.

"तीसही अशाच?"

"हो मॅडम, सेम. गॅरंटी."

झालं. बाई उठल्या. "रंग असला म्हंजे भूक लागती, हे खरं. पर एकच रंग तीसदा बघून भूक मरती," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. दुकानदार मला हळूच म्हणाला, "मावशींना सुटे पीस पाहिजेत, पण सुटं कुणी देत नाही ताई, पेटीच घ्यावी लागते."

बाई तिथून माझ्या घरी आल्या. आणि तिथे जे व्हायचं तेच झालं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, बाईंनी तो हाताने बाजूला सारला आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट घेतले. जेवायलाही नाही म्हणाल्या, गाडी आहे म्हणाल्या.

माझं लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. माझ्या घरी त्या येत, तास तास बसत, माझ्या नवऱ्याची चेष्टा करत, पण पाण्याचा थेंब घेत नसत. लातूरचं माणूस पाण्याला नाही म्हणत नाही. ज्यांनी टँकरमागे घागरी घेऊन धावण्यात उन्हाळे काढले, त्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. आणि त्या दिवशी तर दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, अनोळखी माणसाचं पाणी प्यायल्या होत्या. बाई गेल्यावर सासूबाई तांब्या उचलत म्हणाल्या, "आपल्या घरचं चालत नसंल त्यांना. मोठ्या घरच्या हायत. वसतिगृहात नोकरी होती, तिथं चालवावं लागलं असंल."

मी त्यांच्यावर ओरडले. बाई तशा नाहीत, आमच्या थाळीतलं खायच्या, असं काय काय बोलले. पण रात्रीच्या भाकरी थापताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सासूबाई त्यांच्या आयुष्यात उंबऱ्याबाहेर बसून वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायल्या होत्या. त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वास्तुशांत काढली आणि निमंत्रणाचा मेसेज सगळ्यांना पाठवला. आपल्याकडे पत्रिकेत लिहायची पद्धत अशी की 'कृपया आहेर आणू नये', म्हणजे लोक चोरून आणतात. बाईंनी लिहिलं होतं: 'आहेर आणावाच. प्रत्येकी फक्त एक टाईल, स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी. पांढरी सोडून कोणतीही.'

मेसेज मी दुसऱ्याच्या फोनवर वाचला, कारण मला तो आलाच नव्हता. मला नुसता फोन आला. "चार दिवस आधी ये. कामं लई हायत."

भावाला मात्र मेसेज मिळाला होता आणि तो भडकला होता. त्याने मी लातूरला पोचले त्याच दिवशी फोन केला, आणि बाईंचा फोन नेहमी स्पीकरवर, त्यामुळे ते सगळं शेजारणींनीही ऐकलं. "आक्का, लोक हसायलेत! आहेर मागून घेतेत का कुठं? आणि भिंतीवर ते गोधडीवानी काय करणारंस? मी असल्या तमाशाला यायचो न्हाई."

"नको येऊ. पर टाईल पाठव," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिल्या.

"बाई, चार-दोन टाईल्स आपण आणून ठेवू का? कमी पडल्या तर?" मी विचारलं.

"सुम्म बस," त्या म्हणाल्या, म्हणजे गप्प बस. चिडल्या की त्यांच्या तोंडी उदगीरकडचं कानडी यायचं. "एक बी इकत आणायची न्हाई. भरली तर लोकांनी भरंल. न्हाई भरली तर न्हाई. मला बघायचंय."

काय बघायचं होतं ते मला कळलं. इतकी वर्षं ज्यांच्या ज्यांच्या दारात त्या वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन गेल्या, त्यांतलं कोण त्यांच्या दारात येतं, हे त्यांना बघायचं होतं. आणि ती भिंत उघडी राहिली असती तर सगळ्या वसाहतीला ती दिसली असती.  तोंडाने कितीही म्हटलं तरी बाईंचा त्यात किती जीव होता ते मीच जाणत होते.

माझी स्वतःची टाईल मी आणलीच होती. मेसेज नसला म्हणून काय झालं? नांदेडच्या त्याच दुकानदाराकडे जाऊन, उरल्यासुरल्या मालात तासभर शोधून मी एक काढली होती, हिरवीगार, मधे पिवळं फूल. त्याने ती मला तशीच दिली, म्हणाला, "मावशींना सांगा, भाकरीची आली की फोन करतो." ती कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली होती. बाई म्हणतील, 'तुझी कुठाय गं?' तेव्हा काढायची असं ठरवलं होतं.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी टाईल बसवणारा मिस्त्री कालवलेला सिमेंटचा मसाला घेऊन ओट्यावर तयार बसला. हॉलमध्ये होम चालू. धूर सगळ्या घरात. पूजा उरकली तरी शेजारच्या दोघी आणि ठेकेदार सोडून कुणी आलं नव्हतं. तीन टाईल्स. मिस्त्रीने त्या एका कोपऱ्यात लावल्या. इतक्या मोठ्या भिंतीवर त्या अशा दिसत होत्या की मला बघवेना.

"मसाला वाळायलाय, बाई," मिस्त्री म्हणाला.

"पाणी घाल त्यात," बाई म्हणाल्या आणि दाराकडे पाठ करून बसल्या.

अहमदपूरकडून येणारी एसटी आली आणि दारात पहिलं टोळकं दिसलं. मग उदगीरची मंडळी. मग कोण कुठून, जीपमधून, मोटरसायकलवरून. ज्याच्या त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं चपटं पुडकं. बाई दाराकडे पाठ करूनच बसल्या होत्या, पण कान दाराशी होते. आवाज वाढला तशा त्या उठल्या, पदर खोचला आणि गावाकडच्या लग्नात माईकवरून आहेर पुकारतात तशा पुकारायला लागल्या.

ज्यांच्या पोरीच्या लग्नाला बाई चिखलातून गेल्या होत्या त्या क्लार्कने देवाची टाईल आणली होती. आपल्याकडे सरकारी इमारतींच्या जिन्यात, कोपऱ्यात लोकांनी पिचकाऱ्या मारू नयेत म्हणून लावतात ना, तसली. तो बिचारा ओशाळला होता, बाजारात सुटी तेवढीच मिळते म्हणाला. मिस्त्रीने विचारलं, ही स्वयंपाकघरात कशी लावायची?

"वर लाव, चांगल्या जागी," बाई म्हणाल्या. "देवानं जिंदगी जिन्यात काढली. त्याला बी आता घर मिळू दे."

उदगीरच्या उर्दू शाळेतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, बाईंच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी निळ्या वेलीची टाईल दिली आणि कानात म्हणाल्या, "आपा, हमारे बाथरूम में की बची हुई है. मगर एकदम कोरी है."

"नळापाशी लाव रे ही," बाईंनी मिस्त्रीला पुकारून सांगितलं. "पाण्याची सवय हाय तिला." त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली.

चाकूरचे एक म्हातारे मुख्याध्यापक टेम्पोतून अख्खी शहाबादी फरशी घेऊन आले. असल्या पातळ चकत्या त्यांना पटत नव्हत्या, टिकेल असं काहीतरी द्यावं म्हणाले. चार माणसांनी ती उतरवली. ती मागच्या दाराची पायरी झाली. अजूनही तिच्यावर बसूनच बाई भाजी निवडतात.

मिस्त्रीचं डोकं फिरायची वेळ आली होती. "बाई, ह्याची लेव्हलच जमंना. एक ष्टाईल जाड, एक बारीक. एक आखूड, एक लांब."

"माणसं बी जाड-बारीक असतेत. बसव."

दुपार कलली तेव्हा भिंत अशी काही सजली होती की लोक जेवण सोडून तिच्यासमोर उभे राहत होते. मोर होता, द्राक्षं होती, काळा-पांढरा चौकडा होता, शेंदरी होती, जांभळी होती. कुणाचं कुणाशी जमत नव्हतं आणि तरी सगळं मिळून छान वाटत होतं, बाईंच्या हातातल्या बांगड्यांसारखं. सकाळी कुजबुजणाऱ्या शेजारणी आता स्वतःची टाईल कुठली ते पाहुण्यांना बोट करून दाखवत होत्या. बाई मात्र मधूनच दाराकडे बघत होत्या. कुणाची वाट बघत होत्या ते सगळ्यांना कळत होतं.

भाऊ आला तो पंगती उठायच्या वेळेला. घामाघूम, खांद्यावर अख्खी पेटी. तो धान्याचा व्यापारी. सुटा माल त्याने आयुष्यात घेतलेला नाही. पेटी ओट्यावर आदळून म्हणाला, "एक देतच न्हाई म्हणला. मग म्या पोतंच उचललं. घे."

बाईंनी पेटी उघडली. कपबशी. भोवती कॉफीच्या बिया.

मी तोंडावर पदर घेतला. बाईंचा चेहरा असा झाला की आता हसतील की रडतील सांगता येईना. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "ही मधोमध. गॅसच्या बरोबर वर." मग भावाकडे वळून, "आता कॉफी करायला शिकते. पीत जा येऊन." भावाने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली. होम विझून चार तास झाले होते.

टाईल बसली. मिस्त्रीने मागे सरून भिंत न्याहाळली. "बाई, एकच जागा राहिली बघा. खिडकीजवळ, वरची. भाऊंच्या पेटीतली मारू का?"

आता नाही तर कधीच नाही. मी पिशवीत हात घातला. "थांबा. माझी राहिलीय."

बाईंनी कागद सोडला. हिरवी टाईल, मधे पिवळं फूल. त्यांनी ती उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली, फुलावरून अंगठा फिरवला. ओळखलं त्यांनी, मला दिसलं. आणि मग ती परत कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही न्हाई लागायची."

 सगळ्यांची चालली. बाथरूममधून उरलेली चालली, जिन्यातली चालली. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई, तो तांब्या, ती बाटली, सगळं एकदम उभं राहिलं, आणि जे वाक्य मी त्या दिवसापासून गिळत होते ते सगळ्यांसमोर बाहेर पडलं. "माझ्या घरचं पाणी तर तुम्हाला चालत नाहीच, बाई. आता माझी टाईलही चालत नाही का?"

"काय म्हणलीस?"

मी पुडकं परत पिशवीत कोंबलं. 

बाईंना अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला तशा त्या लालबुंद झाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "अगं येडे! लेकीचा आहेर घेतेत का कुठं? लेकीला द्यायचा असतो! आणि लेकीच्या घरचं पाणी तिला लेकरू झाल्याबगर पितेत का? कोणती माय पिती? तुझ्या याडीला इचार!" याडी म्हणजे आई. तांड्यावरचा आमचा शब्द त्यांनी बरोबर वापरला होता.

 मी कशीबशी म्हणाले, "पण बाई... रीत म्हणजे डोकं न चालवणाऱ्याची सोय, असं तुम्हीच..."

"हाव. खोटीच हाय ती रीत. लेकीला परकी करणारी हाय. मीच शिकवलंय तुम्हाला." त्यांचा आवाज खाली आला. "पर ती पाळायला लेक लागती गं. लेक असल्याबगर पाळताच येत न्हाई. जिंदगीत माय म्हणून मला ही एकच रीत मिळाली, ती बी सोडून देऊ का?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. तिथे उभ्या असलेल्या उदगीरकरांना, लातूरकरांना काय वाटायचं ते वाटो. मला मेसेज का आला नव्हता ते मला तेव्हा कळलं. पाहुण्यांना निमंत्रण धाडायचं असतं. लेकीला चार दिवस आधी कामाला बोलवायचं असतं.

मिस्त्री बिचारा थापी घेऊन तसाच उभा. "मग त्या जागेचं काय करू?"

"राहू दे तशीच."

"टाईल कमी पडल्यावानी दिसंल, बाई."

बाई ताठ झाल्या. शेजारणींना, भावाला, दारातल्या पाहुण्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दिसू दे. कुणी इचारलं तर सांगीन. ती माझ्या पोरींची जागा हाय. दोनशे पोरी हायत मला. त्यांचं घेत नसतेत." मग त्यांनी मला पाटावर बसवून साडी, खण, नारळ घालून ओटी भरली. माझ्या लग्नात आईने भरली होती, त्यानंतर पहिल्यांदा. त्यांच्या हातातल्या बांगड्या माझ्या पदरावर किणकिणत होत्या आणि माझी मान, मी खोटं कशाला सांगू, अभिमानाने जी वर झाली ती परतीच्या एसटीत नांदेड येईपर्यंत खाली आली नाही.

ती हिरवी टाईल मी माझ्या स्वयंपाकघरात लावली, बदामी टाईल्सच्या ओळीत एकटीच. बाई बघायला आल्या, स्वतःची बाटली घेऊन. सासूबाईंनी आता सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "आमच्या सुनेची बाई लातूरहून येती, पर आपल्या घरचं पाणी पीत न्हाई हां, लेक मानती," आणि हे सांगताना त्यांचा रुबाब बघण्यासारखा असायचा. वर्षं अशीच गेली. बाटली यायची, जायची.

मागच्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. बाराव्या दिवसानंतर बाई आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, तिच्या मुठी उघडून पाहिल्या. मग बाळ सासूबाईंकडे देऊन सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि त्या हिरव्या टाईलसमोर पाट मांडून बसल्या. हातात पिशवी होती. पिशवीत बाटली नव्हती.

"पाणी आण," त्या म्हणाल्या.

मी तांब्या भरून दिला. तो त्यांनी एका दमात रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि तांब्या खाली ठेवला.

"आता भाकर टाक. लई वर्षांची भूक हाय."

मी तवा चढवला.